सूचकांच्या सह्या आणि पक्षाचे नाव : मुंबई उपनगरांच्या संदर्भात उमेदवारांच्या ओळखीविषयीच्या नियमांचा ऐतिहासिक अभ्यास (१९५१ ते २०२४)

सारांश

भारतीय निवडणूक कायद्यात उमेदवारी मिळविण्याचा हक्क आणि विशिष्ट नावाने व चिन्हाने मतदारांसमोर जाण्याचा हक्क या दोन स्वतंत्र बाबी आहेत. पहिला हक्क सूचक मतदारांच्या सह्यांतून मिळतो, तर दुसरा निवडणूक आयोगाने दिलेल्या मान्यतेतून मिळतो. मुंबई उपनगरातील जुहू येथील २००७ ची महानगरपालिका निवडणूक आणि अंधेरी पूर्व विधानसभा मतदारसंघातील २०२२ ची पोटनिवडणूक या दोन घटनांच्या आधारे या दोन हक्कांमधील अंतर कसे निर्माण झाले व त्याचे परिणाम काय झाले, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

बीजशब्द : नामनिर्देशन, सूचक, अपक्ष, पक्षनाम, निवडणूक चिन्ह, नागरिक उमेदवार, अंधेरी पूर्व, जुहू.

प्रस्तावना

निवडणुकीच्या इतिहासाचा अभ्यास करताना सामान्यतः पक्षांचे यशापयश, नेत्यांची भाषणे आणि मतांची टक्केवारी यांवर भर दिला जातो. मतदानयंत्रावर उमेदवाराच्या नावासमोर जे चिन्ह येते ते तेथे कसे येते आणि मतदान केंद्राबाहेर लावलेल्या उमेदवारांच्या यादीत ‘पक्ष’ या रकान्यात जे लिहिले जाते ते लिहिण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न मात्र तांत्रिक समजून बाजूला ठेवला जातो. वास्तविक पाहता मतदार आपली संमती ज्या खुणेवर नोंदवतो ती खूण ठरविण्याची पद्धत ही लोकशाही व्यवहारातील मूलभूत बाब आहे.

जगातील काही देशांत मतदारांच्या सह्यांच्या अर्जाद्वारे उमेदवारी दाखल करणाऱ्या व्यक्तीला स्वतःच्या नावापुढे काही मोजक्या शब्दांत आपल्या गटाचे वा तत्त्वाचे नाव लावण्याची मुभा असते. भारतात अशी मुभा नाही. येथे सूचकांच्या सह्यांवर उभा राहिलेला उमेदवार कायद्याच्या भाषेत ‘अपक्ष’ ठरतो. ‘अपक्ष’ हा शब्द उमेदवार कोण आहे हे सांगत नाही, तो कोण नाही एवढेच सांगतो. ही स्थिती एका दिवसात निर्माण झालेली नाही. १९५१ चा लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९६८ चा निवडणूक चिन्हे (आरक्षण व वाटप) आदेश, १९८९ ची पक्ष नोंदणीची तरतूद आणि १९९६ ची दहा सूचकांची अट अशा टप्प्यांनी ती घडत गेली. या टप्प्यांचा मागोवा घेऊन त्यांचा अर्थ मुंबई उपनगरांच्या अनुभवातून तपासणे हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे.

चिन्हांची सुरुवात आणि १९६८ चा आदेश

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदार निरक्षर होते. त्यामुळे प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र मतपेटी ठेवण्यात आली व त्या पेटीवर उमेदवाराचे चिन्ह लावण्यात आले. मतदाराने आपली मतपत्रिका पसंतीच्या चिन्हाच्या पेटीत टाकावयाची, अशी ती पद्धत होती. पुढे एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत रूढ झाली, परंतु चिन्हाचे महत्त्व कमी झाले नाही. भारतात मतपत्रिकेवर व पुढे मतदानयंत्रावर उमेदवाराचे नाव आणि चिन्ह असते, पक्षाचे नाव नसते. पक्षाचे नाव असते ते निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने प्रसिद्ध केलेल्या उमेदवारांच्या यादीत. म्हणजेच मतदाराच्या दृष्टीने चिन्ह हेच पक्षनाम होय.

नामनिर्देशनाची मूळ पद्धत साधी होती. मतदारसंघातील मतदाराने सूचक म्हणून सही करावयाची व उमेदवाराने संमती द्यावयाची. आरंभी अनुमोदकाचीही तरतूद होती, ती पुढे राहिली नाही. या टप्प्यावर पक्षाचा उमेदवार आणि पक्षाबाहेरचा उमेदवार यांच्यात नामनिर्देशनाच्या बाबतीत भेद नव्हता. भेद होता तो चिन्हाच्या बाबतीत.

हा भेद पक्का झाला तो ३१ ऑगस्ट १९६८ रोजी भारत निवडणूक आयोगाने काढलेल्या निवडणूक चिन्हे (आरक्षण व वाटप) आदेशाने. या आदेशाने चिन्हांचे ‘राखीव’ आणि ‘मुक्त’ असे दोन वर्ग केले. राखीव चिन्ह मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारासाठी व मुक्त चिन्हे इतर सर्वांसाठी, अशी ही विभागणी आहे. एखादा उमेदवार अमुक पक्षाचा आहे हे ठरण्यासाठी उमेदवाराने तसे घोषित करणे पुरेसे नाही. पक्षाच्या अधिकृत पदाधिकाऱ्याची लेखी सूचना नामनिर्देशनाच्या अखेरच्या दिवशी दुपारी तीन वाजेपर्यंत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचावी लागते. राजकीय व्यवहारात ज्याला ‘एबी फॉर्म’ म्हणतात तो हाच कागद. त्यासाठी अखेरच्या दिवशी होणारी धावपळ महाराष्ट्रातील प्रत्येक निवडणुकीत पाहावयास मिळते.

मुक्त चिन्हांच्या वाटपातही क्रम आहे. अपक्षाने पसंतीक्रमाने तीन चिन्हे मागावयाची असतात. तेच चिन्ह नोंदणीकृत परंतु मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराने मागितले तर त्याला अपक्षापेक्षा प्राधान्य मिळते. एकाहून अधिक अपक्षांची मागणी सारखी असल्यास शेवटी चिठ्ठी काढून निर्णय होतो.

याच आदेशातील पंधराव्या परिच्छेदाने पक्षात फूट पडल्यास नाव व चिन्ह कोणाचे हे ठरविण्याचा अधिकार आयोगाला दिला. १९६९ च्या काँग्रेस फुटीनंतर या अधिकाराची पहिली मोठी परीक्षा झाली. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत बैलजोडी हे चिन्ह कोणत्याच गटाला वापरता आले नाही. एका गटाने गाय-वासरू व दुसऱ्याने चरखा चालविणारी स्त्री हे चिन्ह घेतले. सादिक अली विरुद्ध भारत निवडणूक आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये आयोगाचा हा अधिकार मान्य केला व बहुमताच्या कसोटीला महत्त्व दिले. चिन्ह ही वाटून घेता येणारी मालमत्ता नव्हे, असा दृष्टिकोन या निकालातून पुढे आला.

समिती, सेना आणि ‘अपक्ष’ हे सदर

मुंबईच्या राजकारणात पक्षाच्या चौकटीबाहेरील नावांनी मोठे कार्य केले आहे. संयुक्त महाराष्ट्र समिती हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९५७ च्या निवडणुकीत समितीच्या नावाने प्रचार झाला, परंतु समिती ही अनेक पक्षांची व व्यक्तींची आघाडी असल्याने तिच्या उमेदवारांची नोंद घटक पक्षांच्या वा अपक्षांच्या सदरात झाली. लोकांच्या तोंडी असलेले नाव आणि सरकारी नोंदीतील नाव यांतील अंतर येथे प्रथमच मोठ्या प्रमाणावर दिसते.

याच सुमारास मुंबईची भौगोलिक सीमा विस्तारत होती. १९५० मध्ये महानगरपालिकेची हद्द पश्चिमेकडे जोगेश्वरीपर्यंत व मध्य रेल्वेच्या बाजूस भांडुपपर्यंत गेली. १९५७ मध्ये ती दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही उपनगरे अशा रीतीने महानगरपालिकेच्या निवडणुकीत सामील झाली. गृहनिर्माण संस्था, रहिवासी संघ, कामगार वसाहती व जुनी गावठाणे यांचे हे जग होते. येथील मतदारांना पक्षाबाहेरील संघटनांची सवय होती.

१९ जून १९६६ रोजी स्थापन झालेल्या शिवसेनेला पुढील दोन दशके मान्यताप्राप्त पक्षाचे स्थान नव्हते. त्यामुळे तिच्या उमेदवारांना मुक्त चिन्हांवर अवलंबून राहावे लागले. ढाल-तलवार, रेल्वे इंजिन, मशाल अशी वेगवेगळी चिन्हे निरनिराळ्या निवडणुकांत वापरली गेली. १९८५ च्या विधानसभा निवडणुकीत माझगावमधून छगन भुजबळ निवडून आले ते मशाल या चिन्हावर. डिसेंबर १९८७ मध्ये विलेपार्ले येथील गाजलेली पोटनिवडणूक डॉ. रमेश प्रभू यांनी जिंकली, तेव्हाही शिवसेना मान्यताप्राप्त पक्ष नव्हती. धनुष्यबाण हे चिन्ह स्थिर झाले ते १९८९ मध्ये. कामगार चळवळीतही असेच घडले. डॉ. दत्ता सामंत यांच्यामागे लाखो कामगारांची संघटित शक्ती होती, तरी १९८४ मध्ये ते मुंबई दक्षिण मध्य मतदारसंघातून लोकसभेवर गेले ते अपक्ष म्हणून.

या उदाहरणांवरून असे दिसते की, ‘अपक्ष’ या सदरात एकटीदुकटी व्यक्ती आणि हजारोंची संघटना या दोहोंना कायद्याने एकाच मापाने मोजले.

१९८९ आणि १९९६ : नोंदणी व दहा सूचक

१९८९ मध्ये लोकप्रतिनिधित्व अधिनियमात कलम २९ अ घालण्यात आले व ते १५ जून १९८९ पासून अमलात आले. त्यानुसार राजकीय पक्ष म्हणून नोंदणी करू इच्छिणाऱ्या संघटनेने स्थापनेपासून तीस दिवसांत आयोगाकडे अर्ज करावयाचा असून, तिच्या घटनेत संविधानावरील निष्ठेची व समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांची हमी असावी लागते. परिणामी ‘मान्यताप्राप्त’, ‘नोंदणीकृत’ आणि ‘अपक्ष’ असे तीन थर पक्के झाले.

दुसरा बदल १९९६ चा. त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत १३,९५२ उमेदवार उभे होते व त्यांपैकी दहा हजारांहून अधिक अपक्ष होते. तामिळनाडूतील मोडकुरिची विधानसभा मतदारसंघात एकट्या त्या वर्षी १,०३३ उमेदवार होते. तेथे मतपत्रिकेची पुस्तिका छापावी लागली. या पार्श्वभूमीवर १ ऑगस्ट १९९६ पासून पुढील बदल अमलात आले. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास एक सूचक पुरेसा ठरला, तर इतर सर्व उमेदवारांना मतदारसंघातील दहा मतदार सूचक म्हणून आवश्यक झाले. अनामत रक्कम लोकसभेसाठी ५०० रुपयांवरून १०,००० रुपये व विधानसभेसाठी २५० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आली. २०१० पासून ती अनुक्रमे २५,००० व १०,००० रुपये आहे. अनुसूचित जाती व जमातींच्या उमेदवारांसाठी ती निम्मी असते. याच दुरुस्तीने उमेदवारांच्या यादीतील क्रमही बदलला. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे, नंतर नोंदणीकृत पक्षांचे व शेवटी इतर उमेदवार, असा क्रम लागू झाला.

या बदलांचा परिणाम तत्काळ दिसून आला. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत उमेदवारांची संख्या ४,७५० पर्यंत खाली आली. प्रशासकीय दृष्ट्या हा सुधार होता, यात शंका नाही. परंतु त्याची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. ज्या उमेदवारामागे पक्ष नाही त्याच्याकडून कायद्याने दहापट लोकसंमती मागितली आणि त्या बदल्यात त्याच्या ओळखीत काहीही भर घातली नाही. सूचकांची संख्या वाढली, पण त्या सूचकांना आपल्या उमेदवारासाठी एखादे सामूहिक नाव सुचविण्याचा अधिकार मिळाला नाही.

जुहू, २००७ : नाव नसलेले नाव

अंधेरी स्थानकाच्या पश्चिमेस असलेला जुहू हा भाग महानगरपालिकेच्या के पश्चिम विभागात येतो. फेब्रुवारी २००७ च्या महानगरपालिका निवडणुकीत येथील नागरिक संघटनांनी एकत्र येऊन अ‍ॅडॉल्फ डिसूझा यांना ‘नागरिक उमेदवार’ म्हणून उभे केले व ते नगरसेवक म्हणून निवडून आले. पक्षाच्या तिकीटवाटपाऐवजी रहिवाशांच्या विचारविनिमयातून उमेदवार ठरविण्याचा हा प्रयोग त्या काळात शहरभर चर्चेचा विषय झाला होता.

या प्रयोगाचे महत्त्व निवडणूक जिंकण्यापुरते मर्यादित नाही. ‘नागरिक उमेदवार’ या दोन शब्दांत एक पूर्ण राजकीय कल्पना सामावलेली होती. ज्यांनी उमेदवार निवडला त्यांनाच तो उत्तरदायी राहील, पक्षादेश त्याच्यावर चालणार नाही, प्रभागातील कामे रहिवाशांच्या सभेतून ठरतील, असा तिचा आशय होता. मात्र हे दोन शब्द प्रचारपत्रकांवर व लोकांच्या बोलण्यात होते; अधिकृत नोंदीत नव्हते. तेथे विजयी उमेदवार अपक्ष होता. त्याच निवडणुकीत बंडखोरी करून उभा राहिलेला पक्षकार्यकर्ता, वैयक्तिक प्रतिष्ठेसाठी उभा राहिलेला इसम आणि रहिवाशांनी एकमताने दिलेला उमेदवार हे तिघेही याच एका शब्दाखाली येत होते. मतदाराने यादी वाचली तर त्याला या तिघांतील फरक कळण्याची सोय नव्हती.

अशा प्रयोगांची पुनरावृत्ती कठीण का होते, याचे एक कारण येथे सापडते. पक्षाने एका निवडणुकीत मिळविलेली ओळख पुढील निवडणुकीत चिन्हाच्या रूपाने त्याच्या हाती असते. नागरिक उमेदवाराची ओळख मात्र निकालाच्या दिवशी संपते. पाच वर्षांनी पुन्हा वेगळी मुक्त चिन्हे, पुन्हा चिठ्ठ्या आणि पुन्हा ‘अपक्ष’ हाच शब्द. एका प्रभागातील नागरिक उमेदवार आणि शेजारच्या प्रभागातील नागरिक उमेदवार यांच्यातील नाते दाखविण्याचे साधन त्यांना हवे असेल तर त्यांनी पक्ष म्हणून नोंदणी करावी, हा कायद्याचा मार्ग आहे; परंतु पक्ष न होणे हाच ज्या प्रयोगाचा गाभा आहे त्याला तो मार्ग स्वीकारता येत नाही.

येथे महाराष्ट्राच्या कायद्यातील एका तरतुदीची नोंद घेणे आवश्यक आहे. महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ या कायद्यात पक्षांबरोबरच ‘आघाडी’ ही संज्ञा आहे. स्थानिक संस्थांच्या निवडणुकीसाठी एकत्र आलेल्या व्यक्तींचा गट असा तिचा आशय आहे. म्हणजे पक्षाखेरीजही सामूहिक राजकीय ओळख असू शकते, हे राज्याच्या कायद्याला मान्य होते. परंतु या कायद्याचा हेतू पक्षांतर रोखणे हा होता. मतदारापुढे ओळख मांडणे हा नव्हता. सदस्यांना बांधून ठेवण्यासाठी जी ओळख कायद्याने स्वीकारली, ती मतदाराला माहिती देण्यासाठी पुरेशी वापरली गेली नाही. विधानसभा व लोकसभेच्या बाबतीत तर संविधानाच्या दहाव्या अनुसूचीने १९८५ पासून अपक्ष सदस्याने निवडून आल्यावर पक्षात प्रवेश केल्यास त्याला अपात्र ठरविले आहे. ‘अपक्ष’ हे अशा प्रकारे निवडणुकीपूर्वी अभावदर्शक आणि निवडणुकीनंतर बंधनकारक असे नाव आहे.

अंधेरी पूर्व, २०२२ : तीन दिवसांत मिळालेले नाव

जुहूपासून रेल्वेमार्ग ओलांडून पूर्वेस गेल्यावर अंधेरी पूर्व हा विधानसभा मतदारसंघ लागतो. येथून २०१४ व २०१९ मध्ये शिवसेनेचे रमेश लटके निवडून आले होते. मे २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली व पक्ष कोणाचा हा वाद निवडणूक आयोगापुढे गेला. वाद प्रलंबित असतानाच अंधेरी पूर्वची पोटनिवडणूक जाहीर झाली.

८ ऑक्टोबर २०२२ रोजी आयोगाने अंतरिम आदेश दिला. त्यानुसार दोन्ही गटांना ‘शिवसेना’ हे नाव नुसते वापरण्यास व धनुष्यबाण हे चिन्ह वापरण्यास मनाई करण्यात आली. दोन्ही गटांनी १० ऑक्टोबरच्या दुपारी एक वाजेपर्यंत नव्या नावांचे व मुक्त चिन्हांचे पर्याय द्यावेत, मूळ पक्षाशी संबंध दाखविणारे नाव घ्यावयाचे असल्यास तशी मुभा राहील, असे आदेशात म्हटले होते. १० ऑक्टोबर रोजी एका गटाला ‘शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)’ व दुसऱ्यास ‘बाळासाहेबांची शिवसेना’ ही नावे मिळाली. पहिल्या गटाला मशाल हे चिन्ह त्याच दिवशी मिळाले. दुसऱ्या गटाला दुसऱ्या दिवशी दोन तलवारी व ढाल हे चिन्ह देण्यात आले. त्रिशूळ व गदा ही चिन्हे धार्मिक सूचनेमुळे आणि उगवता सूर्य हे चिन्ह द्रमुकसाठी राखीव असल्यामुळे नाकारण्यात आले.

मशालीचा पूर्वेतिहास येथे बोधक आहे. १९८५ मध्ये मुक्त चिन्ह म्हणून शिवसेनेच्या उमेदवाराने वापरलेली मशाल पुढे समता पक्षाचे राखीव चिन्ह झाली. २००४ मध्ये त्या पक्षाची मान्यता गेल्यावर ती राखीव राहिली नाही. २०२२ मध्ये समता पक्षाने तिच्यावर हक्क सांगितला, पण दिल्ली उच्च न्यायालयाने १९ ऑक्टोबर २०२२ रोजी ती याचिका फेटाळली. चिन्ह ही मालकीची वस्तू नसून सशर्त मिळालेली परवानगी आहे, हे तत्त्व यातून पुन्हा स्पष्ट झाले.

उमेदवार ऋतुजा लटके या महानगरपालिकेच्या कर्मचारी होत्या. त्यांचा राजीनामा स्वीकारण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला व १३ ऑक्टोबरच्या निर्देशानंतर, नामनिर्देशनाच्या अखेरच्या दिवशी म्हणजे १४ ऑक्टोबर रोजी त्यांचा अर्ज दाखल झाला. १७ ऑक्टोबर रोजी भारतीय जनता पक्षाच्या उमेदवाराने माघार घेतली. ३ नोव्हेंबर रोजी झालेल्या मतदानात ३१.७४ टक्के मतदारांनी भाग घेतला. ६ नोव्हेंबरच्या मोजणीत लटके यांना ६६,५३० मते मिळाली. दुसऱ्या क्रमांकावर कोणी उमेदवार नव्हता. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाला १२,८०६ मते पडली. उर्वरित उमेदवारांपैकी प्रत्येकाची मते दोन हजारांच्या आत राहिली.

या आकड्यांचा राजकीय अर्थ निरनिराळ्या प्रकारे लावला गेला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील एक बाब महत्त्वाची आहे. मतदानाला चार आठवडेही उरले नसताना जन्मलेले पक्षनाम व चिन्ह मतदारांपर्यंत पोहोचले, कारण त्यामागे आयोगाचा आदेश, वृत्तपत्रांची प्रसिद्धी आणि संघटनेचे जाळे होते. दुसरीकडे जे इतर उमेदवार सूचकांच्या सह्यांवर उभे होते त्यांच्या ओळखीपेक्षा ‘कोणीही नाही’ ही ओळख मतदारांना अधिक स्पष्ट वाटली. ज्या मतदाराला मोठ्या पक्षाला मत द्यावयाचे नव्हते त्याच्यापुढे अर्थपूर्ण नाव असलेला पर्याय नव्हता.

या नावाचे पुढील आयुष्यही लक्षणीय आहे. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी आयोगाने ‘शिवसेना’ हे नाव व धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिले. अंतरिम सोय म्हणून मिळालेले नाव व मशाल दुसऱ्या गटाकडे राहिली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत, ज्यात अंधेरी पूर्वचा समावेश होतो त्या मुंबई उत्तर पश्चिम मतदारसंघात धनुष्यबाण व मशाल समोरासमोर आले आणि निकाल केवळ ४८ मतांनी लागला. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत अंधेरी पूर्वची जागा धनुष्यबाणाकडे गेली. एका पोटनिवडणुकीसाठी केलेली व्यवस्था अशा रीतीने उपनगराच्या राजकारणाचा स्थायी भाग बनली.

अन्य देशांतील तरतुदी

तुलनेसाठी दोन देशांचा विचार उपयुक्त ठरेल. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मतदारांच्या सह्यांच्या अर्जाद्वारे उभा राहणारा उमेदवार आपला पक्ष वा आपली तत्त्वे जास्तीत जास्त तीन शब्दांत नमूद करू शकतो. प्रस्थापित पक्षाच्या नावातील शब्द मात्र त्याला घेता येत नाहीत. ब्रिटनमध्ये १९६९ पर्यंत मतपत्रिकेवर पक्षाचा उल्लेखच नसे. त्या वर्षीच्या कायद्याने उमेदवाराला सहा शब्दांपर्यंत स्वतःचे वर्णन देण्याची मुभा दिली. या मुभेचा गैरवापरही झाला. १९९४ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत एका उमेदवाराने ‘लिबरल डेमोक्रॅट’ या नावाशी साधर्म्य असलेले ‘लिटरल डेमोक्रॅट’ असे वर्णन लावले व दहा हजारांहून अधिक मते मिळविली. त्या जागेचा निकाल अवघ्या काहीशे मतांनी लागला होता. परिणामी १९९८ मध्ये ब्रिटनने पक्ष नोंदणीचा कायदा केला.

साधर्म्यातून होणारा संभ्रम महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष (शरदचंद्र पवार) यांचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होते, तर काही अपक्षांना मिळालेल्या ‘ट्रम्पेट’ या मुक्त चिन्हाचे मराठी नावही ‘तुतारी’ असेच होते. सातारा मतदारसंघात पराभवाचे अंतर ३२,७७१ मतांचे होते आणि ते चिन्ह असलेल्या अपक्षाला ३७,०६२ मते मिळाली. ही सर्व मते चुकून पडली असे म्हणता येणार नाही. तथापि नियमांची काटेकोर चौकट असूनही संभ्रम टळला नाही, हे यातून दिसते. नामसाधर्म्याच्या प्रश्नावर उपाय म्हणून आयोगाने २०१५ पासून उमेदवाराचे छायाचित्र मतपत्रिकेवर आणले होते, परंतु चिन्हसाधर्म्याला तो उपाय लागू पडत नाही.

चर्चा

अपक्षांना अधिक ठळक ओळख द्यावी या मागणीविरुद्ध गंभीर आक्षेप आहेत. विधी आयोगाने आपल्या १७० व्या (१९९९) व २५५ व्या (२०१५) अहवालांत अपक्षांना निवडणूक लढविण्यासच मनाई करावी, अशी शिफारस केली आहे. अपक्षांपैकी बहुसंख्यांची अनामत जप्त होते, काही उमेदवार मते फोडण्यासाठी उभे केले जातात आणि स्थिर शासनासाठी पक्षपद्धती आवश्यक आहे, हे युक्तिवाद सहज डावलता येणारे नाहीत. ब्रिटनमधील अनुभवही सावधगिरीचा इशारा देतो.

तथापि हे आक्षेप ज्या दोषांकडे बोट दाखवतात त्यांचे एक मूळ ओळखीच्या अभावातच आहे. मते फोडण्यासाठी उभा केलेला उमेदवार आणि रहिवाशांनी निवडलेला उमेदवार यांना एकाच शब्दाने संबोधले, तर पहिल्याला आडोसा मिळतो व दुसऱ्याचे नुकसान होते. उमेदवाराला निवडक शब्दांत वर्णन देण्याची मुभा, त्या शब्दांवर सूचकांची संमती, नोंदणीकृत पक्षांच्या नावांशी साधर्म्य टाळण्याचे बंधन आणि हे वर्णन मतदानयंत्रावर न आणता केवळ उमेदवारांच्या यादीत नमूद करणे, अशी मर्यादित व्यवस्था विचारात घेता येईल. अंधेरी पूर्वच्या प्रकरणात आयोगाने तीन दिवसांत दोन नवी नावे तपासून मान्य केली. अशी तपासणी अशक्य आहे असे त्यानंतर म्हणता येत नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत, जेथे ‘आघाडी’ ही संज्ञा कायद्याला परिचित आहे, तेथून या विचारास आरंभ होऊ शकेल.

समारोप

१९५१ ते २०२४ या कालखंडातील नियमांचा प्रवास पाहता असे दिसून येते की, निरक्षर मतदाराच्या सोयीसाठी आलेले चिन्ह हळूहळू मान्यताप्राप्त पक्षांच्या विशेषाधिकाराचे रूप घेत गेले. या काळात साक्षरता वाढली, मतपेटीची जागा यंत्राने घेतली, छायाचित्रे आली. परंतु पक्षाबाहेरील उमेदवाराच्या ओळखीचा प्रश्न जेथे होता तेथेच राहिला. पक्षांची ओळखही पूर्णपणे त्यांच्या हाती नाही, हे अंधेरी पूर्वने दाखविले. मतदारांनी दिलेली ओळख अधिकृत नोंदीपर्यंत पोहोचत नाही, हे जुहूने दाखविले. अंधेरी स्थानकाच्या दोन बाजूंना घडलेल्या या दोन घटना एकत्र वाचल्या तर सूचकांच्या सह्यांना कायद्याने किती अर्थ दिला आहे, हा प्रश्न उभा राहतो. दहा मतदारांच्या सह्या एखाद्याला निवडणुकीच्या दारापर्यंत आणतात. त्या दहा जणांनी त्याला कशासाठी आणले, हे सांगण्यासाठी यादीत आजही जागा नाही.